लाल चार

केनोशात गुरुवारी बर्फ असो नसो,
लॅव्हर्नच्या तळघरात आम्ही चौघं उतरतो.
पायऱ्या तेरा. अकरावी सैल.
ती सैल आहे हे नियमपुस्तकात कुठे नाही,
तरी चाळीस वर्षांत कुणी तिच्यावर पाय दिलेला नाही.

नव्या आवृत्त्या निघाल्या. निघोत.
दुसरी, तिसरी, मग म्हणे साडेतिसरी,
तिथे आम्ही मोजायचं सोडलं.
आमची पहिली. पुठ्ठा सुटलेला, पाठीला चिकटपट्टी,
आणि चिलखताचं कोष्टक उलटं:
आकडा जितका कमी, तितका माणूस सुरक्षित.
असं का, हे एकदा कुणीतरी विचारलं होतं.
"गोल्फमध्ये नाही का?" रोझेल म्हणाली,
आणि विषय मिटला.

यंदा लॅव्हर्नची नात यायला लागली. मारेन.
दातांना तारा, काखेत नवं कोरं पुस्तक,
तिच्या फाशांना धार आहे, पोटात सोनेरी चुरा.
"तुमच्यात जादूगाराला प्राण दोनच?"
दोनच.
"आणि मंत्र?"
दिवसाला एक. मग काठी धरून मागे उभं राहायचं.
"आमच्यात मरायला टेकलं तरी तीन संधी मिळतात.
हे बघा, छापलंय."
खरंच छापलंय. चौकटीत.

काय सांगू मी तिला.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात मोटारींचा कारखाना बंद झाला.
बायको मिलवॉकीला बहिणीकडे गेली, थोडे दिवस म्हणून,
माझा टेलिफोन कापला,
आणि त्याच आठवड्यात माझ्या जादूगारानं, ऑर्बेलनं,
कोळ्याच्या जाळ्यात हात घातला.
तेरा किंवा वर पडलं तर जगला.
नाहीतर नाही.
आमच्या पुस्तकात विषाला मधलं काही नव्हतं.

विषाचं दान लॅव्हर्न स्वतः टाकायचा,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे.
माणूस कडक. सख्ख्या भावाचा, अर्व्हिडचा, सरदार
त्यानं अर्व्हिडच्या वाढदिवसाला मारला होता,
केक कापायच्या आधी.
फासा वीस बाजूंचा, पण आकडे शून्य ते नऊच, दोनदा.
खाचांत मेणखडू घासून आपले आपण रंगवायचे:
काळा चार म्हणजे चार,
लाल चार म्हणजे चौदा.

दान पडलं. तो वाकला.
त्याच्या जाड भिंगात, दिव्याखाली, मला चार दिसला,
उलटा,
आणि काळा.
"चौदा," लॅव्हर्न म्हणाला,
आणि पेन्सिलीला टोक करत बसला.
टोक असलेल्या पेन्सिलीला.

तेव्हा मी बोललो नाही, नंतरही कधी नाही.
त्या पुस्तकात दया कुठल्याच पानावर नव्हती;
ती कुणीतरी पदरची घालावी लागे,
तीही कुणाला कळू न देता.
ऑर्बेल अजून आहे. पाठीला पोक आलंय त्याच्या,
माझ्यासारखंच.
जुन्यालाच का धरून बसलात, असं लोक विचारतात.
कोष्टकं पाठ आहेत हो, मी म्हणतो,
कोण पुन्हा नवी शिकणार.

आता खाचांतलं मेण झिजलंय.
फाशाचे कोपरे गोल झाले, लिमलेटच्या गोळीसारखे,
टाकला की थांबायचं नाव घेत नाही.
लॅव्हर्नच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
गेल्या गुरुवारी मारेनच्या चोरटीला बाण लागला, विषारी,
आणि फासा आडोशाखालून निसटून
गडगडत माझ्यापुढे आला.
चार.

"लाल की काळा?" लॅव्हर्ननं विचारलं,
माझ्याकडे न बघता.
मारेन वाकून बघत होती.
तिला नुसताच मळका, पांढरा फासा दिसत होता.
मलाही.

"लाल," मी म्हणालो.
रोझेल उगाचच खोकली.
"मग पुढे?" मारेन म्हणाली. "दार उघडायचं ना?"